घोजाडांगा लांब, रॉटरडॅम जवळ

निफाड तालुक्यातल्या एकाच शिवारातून दोन माल परदेशी जातात. द्राक्षाची पेटी पॅकहाऊसमधून निघते, न्हावाशेवाला रीफर कंटेनरमधून जहाजावर चढते आणि तीन-चार आठवड्यांनी, तांबड्या समुद्राची वाट बिघडलेली असेल तर आणखी उशिरा, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला उतरते. कांद्याची गोणी खळ्यावर ट्रकमध्ये भरली जाते आणि जवळजवळ दोन हजार किलोमीटर रस्ता कापून पश्चिम बंगालमधल्या घोजाडांगा, पेट्रापोल किंवा महदीपूरच्या नाक्यावर पोचते. नाक्यापलीकडे बांगलादेश. द्राक्षाला समुद्र ओलांडून दुसऱ्या खंडात जायचं असतं, कांद्याला शेजारच्या घरात. शिवाय बांगलादेश आणि आपण एकाच मुक्त व्यापार क्षेत्राचे सदस्य आहोत, युरोपियन युनियनचे नाही. तरीही द्राक्ष पाठवणारा माणूस हंगामाच्या सुरुवातीलाच युरोपचा हिशेब कागदावर मांडतो. कांदा पाठवणारा मात्र ट्रक पलीकडे जाऊन रिकामा होईपर्यंत सौदा झाला असं मानत नाही.

हे असं का, ते समजून घ्यायचं तर आधी व्यापारी गट म्हणजे काय ते पाहायला हवं.

जागतिक व्यापार संघटनेचा मूळ नियम असा, की आयातशुल्कात एका सदस्याला सवलत दिली तर ती सगळ्या सदस्यांना द्यायची. ब्राझीलच्या मालावर दहा टक्के, तर केनियाच्या त्याच मालावरही दहाच टक्के. या नियमाला एक मोठा अपवाद आहे. काही देशांनी एकत्र येऊन आपापसातलं शुल्क काढलं, तर बाहेरच्यांना ती सवलत द्यावी लागत नाही. गॅट या जागतिक व्यापाराच्या मूळ कराराच्या २४व्या कलमात ही मुभा आहे, आणि विकसनशील देशांसाठी १९७९पासून त्याहून सैल अशी वेगळी तरतूद आहे. जगातले सगळे प्रादेशिक गट याच अपवादावर उभे आहेत.

पण सगळे गट एका जातीचे नसतात. जुन्या नाशकातला एखादा मोठा वाडा डोळ्यासमोर आणा. आत चार बिऱ्हाडं, एकमेकांकडे जायला-यायला मोकळीक. प्रत्येक बिऱ्हाडाला रस्त्याकडे उघडणारं स्वतःचं दार असेल, तर बाहेरच्या कुणाला आत घ्यायचं हे ज्याचं तो ठरवणार. हे झालं मुक्त व्यापार क्षेत्र. अख्ख्या वाड्याला एकच दिंडीदरवाजा असेल आणि तिथली तपासणी सगळ्यांना मान्य असेल, तर ती कस्टम्स युनियन.

युरोपने हा एक दरवाजा १९६८मध्ये बसवला आणि १९९३मध्ये आतल्या भिंतीही काढून एकच बाजारपेठ केली. म्हणून आपलं द्राक्ष रॉटरडॅमला एकदा सुटलं, की पुढे जर्मनीत जावो नाहीतर पोलंडमध्ये, पुन्हा कस्टम्स नाही. कीडनाशकाच्या अंशाची मर्यादाही सगळीकडे सारखी. भारतीय द्राक्षाचा सगळ्यात मोठा ग्राहक म्हणून आकडेवारीत नेदरलँड्सचं नाव दिसतं ते यामुळेच. तिथली माणसं ती सगळी द्राक्षं खात नाहीत, तिथे फक्त दरवाजा आहे.

हा दरवाजा कडक आहे. २०१०मध्ये द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे, अंश सापडले आणि आपले कंटेनर युरोपातल्या बंदरांत अडकले. त्या वर्षाचा फटका नाशिक जिल्ह्यातल्या कितीतरी कुटुंबांना बसला. पण पुढच्या हंगामापासून काय तपासायचं, कोणती फवारणी टाळायची, हे कळलं आणि ऑक्टोबर छाटणीपासूनच त्याची काळजी घेता येऊ लागली. नियम कडक असला तरी आधी माहीत असला तर शेतकरी त्याच्याशी जुळवून घेतो.

आता आपल्या वाड्याकडे येऊ. सार्क ही संघटना डिसेंबर १९८५मध्ये ढाक्यात स्थापन झाली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव हे सात देश सुरुवातीचे. अफगाणिस्तान २००७मध्ये आला. जानेवारी २००४मध्ये इस्लामाबादच्या शिखर परिषदेत दक्षिण आशिया मुक्त व्यापार क्षेत्राचा करार झाला, तोच साफ्टा. १ जानेवारी २००६पासून तो लागू आहे.

आणि त्याचा परिणाम? युरोपियन युनियनच्या देशांचा जवळजवळ साठ टक्के व्यापार आपापसात होतो. आसियान या आग्नेय आशियातल्या गटाच्या देशांचा वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात. दक्षिण आशियाचा साधारण पाच टक्के. साफ्टा नव्हता तेव्हाही आकडा याच्याच आसपास होता. जागतिक बँकेने २०१८मध्ये मांडलेला हिशेब सांगतो, की या देशांमधला व्यापार २३ अब्ज डॉलरचा आहे आणि अडथळे दूर झाले तर तो ६७ अब्ज होऊ शकतो. त्याच अभ्यासात असंही म्हटलं होतं, की भारतातल्या कंपनीला शेजारी देशापेक्षा ब्राझीलशी व्यापार करणं सुमारे वीस टक्क्यांनी स्वस्त पडतं.

अर्थशास्त्रात एक जुनं सूत्र आहे. यान टिनबर्गन या डच अर्थशास्त्रज्ञाने १९६२मध्ये ते मांडलं: दोन देशांची अर्थव्यवस्था जितकी मोठी तितका त्यांच्यातला व्यापार जास्त, आणि त्यांच्यातलं अंतर जितकं जास्त तितका तो कमी. जगात बहुतेक ठिकाणी हे जुळतं. दक्षिण आशियात ते सपशेल फसतं, कारण इथलं अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही.

या व्यापाराचा आकारही वेगळा आहे. युरोपचा व्यापार जाळ्यासारखा सगळ्या बाजूंनी विणलेला आहे. इथे सगळे धागे भारताकडे येतात आणि इतरांचे एकमेकांशी जवळजवळ नाहीत. नेपाळ आणि भूतान यांचा बहुतांश व्यापार भारताशी, तोही साफ्टापेक्षा जुन्या द्विपक्षीय करारांवर चालणारा. श्रीलंकेशी आपला वेगळा करार मार्च २०००पासून आहे. भारत आणि पाकिस्तान हे गटातले दोन मोठे देश, त्यांच्यातला व्यापार तर बंदच आहे. भारताने पाकिस्तानला १९९६मध्ये दिलेला सर्वाधिक पसंतीच्या देशाचा दर्जा पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९मध्ये काढला आणि तिथल्या मालावर दोनशे टक्के शुल्क लावलं. त्याच ऑगस्टमध्ये पाकिस्तानने व्यापार थांबवला. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४मध्ये काठमांडूला झाली, त्यानंतर एकही नाही. ज्या गटाचे नेतेच बसून बोलत नाहीत त्याच्या करारातल्या त्रुटी कोण दुरुस्त करणार?

त्रुटी कराराच्या पोटातच आहेत. प्रत्येक देशाला आपली ‘संवेदनशील यादी’ ठेवायची मुभा आहे. त्या यादीतल्या वस्तूंना सवलत नाही. भारताने मागास देशांसाठी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या ‘अल्पविकसित’ यादीतल्या बांगलादेश, नेपाळसारख्या देशांसाठी, ही यादी २०११मध्ये ४८०वरून २५वर आणली आणि त्यात मुख्यतः दारू आणि तंबाखूच उरली. हे मोठं पाऊल होतं, त्याचं श्रेय द्यायला हवं. बांगलादेशच्या यादीत मात्र नऊशेहून अधिक वस्तू राहिल्या. दुसरी पळवाट आणखी सोपी. करारात कमी करायचं ठरलं ते मूळ सीमाशुल्क. त्यावर नियामक शुल्क, पूरक शुल्क, उपकर अशी वेगळ्या नावांची शुल्कं लावली तर करार मोडल्यासारखं होत नाही, पण सवलत संपते. बांगलादेश आणि श्रीलंका दोघेही हे करतात. नागपूरचा संत्रा आणि नाशिकचं द्राक्ष बांगलादेशच्या बाजारात महाग होत गेलं त्यामागे हीच वरची शुल्कं आहेत. श्रीलंका तर तिथला स्वतःचा कांदा बाजारात आला की आयात कांद्यावरचा किलोमागचा कर वाढवते आणि टंचाई झाली की उतरवते.

वाड्याच्या वेगवेगळ्या दारांमुळे एक मोठी भानगड होते. समजा नेपाळच्या दारावर पामतेलाला शुल्क कमी आहे आणि भारताच्या दारावर जास्त. मग मलेशिया-इंडोनेशियाचं तेल नेपाळच्या दाराने आत आणायचं आणि आतल्या वाटेने भारतात पोचवायचं. हे होऊ नये म्हणून प्रत्येक मुक्त व्यापार करारात मालाच्या मूळ देशाचे नियम असतात. माल खरोखर सदस्य देशात तयार झाला आहे, नुसता तिथून फिरवून आणलेला नाही, हे सिद्ध करावं लागतं. साफ्टात त्यासाठी मूल्यवर्धनाची अट आहे: भारत-पाकिस्तानसाठी किमान ४० टक्के, श्रीलंकेसाठी ३५, मागास देशांसाठी ३०.

कांद्याला हा नियम सोपा. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनच्या फॉर्ममध्ये मूळ देशाच्या निकषाचा एक रकाना असतो. तिथे कांद्यासाठी ‘ए’ हे एक अक्षर पुरतं. अर्थ असा, की माल पूर्णपणे इथेच पिकला. कारखान्यातल्या मालाला तिथे टक्केवारी लिहावी लागते, आणि टक्केवारी आली की कच्च्या मालाची बिलं, मजुरी, नफा यांचा सगळा हिशेब आला.

खरी कसोटी तेलात लागली. नेपाळमध्ये पामची झाडं नाहीत, सोयाबीनही फारसं नाही. तरी २०१९-२०मध्ये पामतेल ही नेपाळची सगळ्यात मोठी निर्यात झाली, आणि ती भारतात येत होती. कच्चं तेल आणून शुद्ध करण्यात तीस टक्के मूल्य खरंच वाढतं का, हा प्रश्न तेव्हा जोरात विचारला गेला. भारताने जानेवारी २०२०मध्ये शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले आणि सप्टेंबर २०२०पासून मूळ देशाचे पुरावे मागणारे नवे नियम आणले. तरी सप्टेंबर २०२४मध्ये भारताने शुद्ध खाद्यतेलावरचं शुल्क १३.७५वरून ३५.७५ टक्के केलं, आणि नेपाळमधून येणारं सोयातेल पुन्हा वाढलं.

हे नाशिकच्या वाचकाला का सांगायचं? कारण शुल्क वाढवलं होतं ते आपल्या सोयाबीनला भाव मिळावा म्हणून. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि येवला, लासलगावला सोयाबीन त्याखाली विकलं जात होतं. भाव पडायला जागतिक मंदीसह बरीच कारणं होती, सगळा दोष नेपाळवर टाकणं चूक ठरेल. पण पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार उघडं, अशाने कुलपाचा उपयोग अर्धाच होतो.

दक्षिण आशियाबद्दल एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: सगळ्यांकडे सारखाच माल, तांदूळ तिकडेही, कपडे तिकडेही, मग विकणार काय? मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. जर्मनी आणि फ्रान्स दोघेही मोटारी बनवतात आणि एकमेकांना विकतातही. आसियानमध्ये टोयोटाने डिझेल इंजिन थायलंडमध्ये, पेट्रोल इंजिन इंडोनेशियात, गिअरबॉक्स फिलिपिन्समध्ये अशी वाटणी केली. सातपूर-अंबडच्या शॉपफ्लोअरवर काम केलेल्याला याचा अर्थ लगेच कळेल. सुटा भाग वेळेवर आला नाही तर अख्खी लाईन उभी राहते. म्हणून अशी वाटणी फक्त तिथेच होते जिथे सीमेवर गाडी अडणार नाही याची खात्री असते. आसियानच्या व्यापारातला मोठा हिस्सा अशा सुट्या भागांचा आहे. आपल्या गटात अशी साखळी नाही, कारण तशी खात्री नाही.

कांद्याच्या बाबतीत ही खात्री आपणच अनेकदा मोडली. उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो आणि साठवणीच्या चाळीत ठेवून ऑक्टोबरपर्यंत पुरवायचा असतो. लाल कांदा ऑक्टोबरनंतर येतो. पाऊस लांबला, चाळीत सड वाढली, की मधल्या दोन महिन्यांत शहरांत भाव चढतात आणि दिल्लीत धावपळ सुरू होते. सप्टेंबर २०१९मध्ये निर्यातबंदी. मार्च २०२०मध्ये उठली. सप्टेंबर २०२०मध्ये पुन्हा बंदी, सीमेवरच्या नाक्यांवर भरलेले ट्रक तसेच उभे, माल सडतो आहे. जानेवारी २०२१मध्ये मोकळीक. ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क. जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे त्याहून स्वस्तात बाहेर विकायचं नाही. ८ डिसेंबर २०२३ला पूर्ण बंदी, आणि काही आठवड्यांत लासलगावचा सरासरी भाव निम्म्यावर. ४ मे २०२४ला बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबरमध्ये ते २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ला संपलं.

यात साफ्टा मोडला का? नाही. साफ्टाचा रोख आयातशुल्कावर आहे. निर्यात थांबवण्याची मुभा तर जागतिक नियमांतच आहे. अन्नधान्याची टंचाई असेल तर तात्पुरती निर्यातबंदी करता येते, असं गॅटचं ११वं कलम सांगतं. म्हणजे मुक्त व्यापार क्षेत्रात घेणाऱ्याच्या दारावरचा कर कमी करायचं बंधन आहे, देणाऱ्याने दार उघडं ठेवायचं बंधन नाही. शहरातल्या गृहिणीला कांदा परवडला पाहिजे हे मान्य. पण भाव पडला तेव्हा न धावणारी यंत्रणा भाव चढला की एका रात्रीत धावते, हा शेतकऱ्याचा राग रास्त आहे.

गिऱ्हाईकाने यातून काय धडा घेतला ते पाहा. २०१९च्या बंदीनंतर बांगलादेशात कांदा इतका महागला की पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतल्या कार्यक्रमात सांगितलं, आपण आपल्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलं आहे. त्या नोव्हेंबरात बांगलादेशने विमानाने कांदा मागवला. इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तान असे नवे पुरवठादार शोधले. आणि स्वतःची लागवड वाढवली. आता तिथला कांदा निघतो तेव्हा सरकार आयातीचे परवाने रोखून धरतं, आणि नाशिकच्या खळ्यांवर ‘आयपी सुटली का?’ हा रोजचा प्रश्न होऊन बसतो. आयपी म्हणजे तिथला इम्पोर्ट परमिट. शुल्क शून्य असलं तरी परमिटशिवाय ट्रक हलत नाही. आपल्या सगळ्यात मोठ्या ग्राहकाला स्वावलंबी व्हायला आपणच भाग पाडलं, असं मला वाटतं.

नाक्यावरचं अंतरही त्यात धरा. आपला ट्रक पलीकडच्या यार्डात रिकामा होतो, माल बांगलादेशी ट्रकमध्ये चढतो, हमाली दोनदा, गोणी फुटते, दिवस जातो. भारत, बांगलादेश, भूतान आणि नेपाळ यांच्यात गाड्या थेट जाव्यात म्हणून जून २०१५मध्ये थिंफूला करार झाला, पण भूतानने त्याला मंजुरी दिली नाही आणि रस्ते मोकळे झाले नाहीत. २०२५मध्ये तर उलटी पावलं पडली. एप्रिलमध्ये बांगलादेशने भारतीय सुताची आयात भूमार्गाने बंद केली. मे महिन्यात भारताने बांगलादेशी तयार कपड्यांसाठी भूमार्ग बंद करून फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता ही दोन बंदरं ठेवली. शुल्कात एका पैशाचाही बदल नाही. फक्त दार भलतीकडे नेलं.

पुढचा बदल दिसतो आहे. ठरल्याप्रमाणे नोव्हेंबर २०२६मध्ये बांगलादेश मागास देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे. मग भारताची २५ वस्तूंची छोटी यादी त्याला लागू राहणार नाही, सहाशेहून अधिक वस्तूंची मोठी लागू होईल. म्हणून दोन्ही देशांत वेगळ्या द्विपक्षीय कराराचा विचार काही वर्षं चालू आहे. डिसेंबर २०२२मध्ये बांगलादेशने भारताकडे एक मागणी केली होती. तांदूळ, गहू, साखर, कांदा, लसूण, आलं यांचा वार्षिक कोटा ठरवून द्या, म्हणजे बंदी आली तरी तेवढा माल मिळत राहील.

ही मागणी अवाजवी नाही, कारण असा कोटा आपण एका शेजाऱ्याला आधीपासून देतो. मालदीवशी भारताचा १९८१चा व्यापार करार आहे. त्यानुसार दरवर्षी तांदूळ, कणीक, साखर, डाळ, अंडी, बटाटे, कांदे यांचं ठराविक प्रमाण तिथे जातं, बंदी असो वा नसो. डिसेंबर २०२३नंतर लासलगावचा निर्यातदार हात बांधून बसला होता तेव्हाही मालदीवचा कांदा जात होता. बांगलादेशसाठी मात्र मार्च २०२४मध्ये खास परवानगी काढून ५० हजार टन सोडावे लागले, तेही सरकारी व्यवस्थेतून. मालदीवची गरज लहान, बांगलादेशची मोठी, त्यामुळे कोटा किती असावा यावर घासाघीस होणारच. पण तो ठरला तर चाळ भरताना शेतकऱ्याला आणि गोणी भरताना व्यापाऱ्याला निदान एक आकडा पक्का माहीत असेल. नाशिकच्या कांदा उत्पादकांनी पुढच्या वाटाघाटीत शुल्कसवलतीच्या आधी हे कलम मागावं.